नेम धरला तरी नेम नाही

बंदुकीचा तो नेम आणि खात्रीचाही नेमच. ससा, तितर, बदक अशा लहान जिवाच्या शिकारीत मात्र हे दोन नेम जुळतीलच असे नाही, मग हात कितीही स्थिर असो.

छर्ऱ्याची एअरगन घ्या. सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटलेला छर्रा हवेच्या विरोधामुळे मंदावत ३० मीटर जायला साधारण ०.१४ सेकंद घेतो. आवाज तेवढेच अंतर ०.०९ सेकंदात कापतो. म्हणजे बार सशाच्या कानावर आधी पडतो, छर्रा मागून येतो! दचकून मान जराशी वळली, तरी डोक्यावरचा नेम जबड्यावर जातो. सेकंदाला दोन मीटरची झुळूक आडवी आली, तर छर्रा सुमारे तीन सेंटिमीटर सरकतो. मोठ्या जनावराच्या बाबतीत हे खपून जाईल. सशाचा मेंदूच जेमतेम तेवढा असतो.

रायफलची गोळी भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून हवेत तोंड पुढे ठेवून जाते. शरीर मात्र पाण्यासारखे, हवेच्या सुमारे ८०० पट दाट. तिथे हा भोवरा तोल सांभाळू शकत नाही. लांबट गोळी कलंडते, हाडाला चाटून गेली तर वाट बदलते.

पण सगळ्यात अस्वस्थ करणारे गणित बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसाचे आहे. एका बारात दोनशेच्या वर छर्रे सुटतात आणि पांगत जातात. समजा, त्या अंतरावर पक्ष्याच्या अंगाएवढ्या जागेत सरासरी तीन छर्रे येतात. सरासरी तीन म्हणजे दर वेळी तीन नव्हे. फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र लावले, तर अचूक नेमाच्या वीस बारांपैकी एकात पक्ष्याला काहीच लागत नाही आणि तिनांत एकच छर्रा लागतो. अंग दहापट मोठे असते, तर सरासरी तीस छर्रे लागले असते आणि असे नशिबाचे खेळ जवळजवळ संपले असते. लहान असणे हेच इथे अनिश्चिततेचे मूळ आहे.

मला खुपतात ते एका छर्ऱ्याचे बार. तो पक्षी बहुधा पडत नाही, उडून जातो आणि शिकारी ‘चुकला’ म्हणतो. डेन्मार्कमध्ये संशोधकांनी गुलाबी पायांचे जंगली हंस जिवंत पकडून त्यांचे एक्स-रे काढले, तेव्हा उडत्याफिरत्या कित्येक हंसांच्या मांसात जुने छर्रे रुतलेले दिसले.