दिसायला काळी, अवरक्तात आरपार

आर्सेनिक आणि सेलेनियमची काच हातात घेतली तर ती काच वाटतच नाही. काळीकुळकुळीत, चकचकीत, पलीकडचं काहीही दिसत नाही. पण आपल्या अंगातून निघणारी उष्णता, म्हणजे साधारण १० मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण, तिच्यातून सहज पार होतात. खिडकीच्या काचेत नेमका उलटा कारभार: डोळ्यांना सगळं दिसतं, पण ५ मायक्रॉनच्या पुढचं अवरक्त अडतं.

साध्या काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे हलके अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांची कंपनं वेगवान असतात, आणि त्या वेगाशी जुळणारं अवरक्त काचच गिळून टाकते. ऑक्सिजनऐवजी त्याच्याच गटातलं गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम घेतलं, की अणू जड होतात आणि बंध सैल. सैल स्प्रिंगला जड वजन टांगावं तशी कंपनं मंदावतात, आणि अडवणुकीची हद्द पुढे सरकते: गंधकाच्या काचेत साधारण ११ मायक्रॉनपर्यंत, सेलेनियमच्या १५, टेल्युरियमच्या २०च्या आसपास. या कॅल्कोजेनाइड काचा. त्यांतली आर्सेनिक-गंधकाची काच म्हणजे रासायनिकदृष्ट्या आपला हरताळच, फक्त स्फटिकरूप नसलेला.

या अवरक्त पट्ट्याचं एवढं अप्रूप कशाला? कारण बहुतेक रेणू आपली ओळख इथेच देतात. मिथेन ३.३ मायक्रॉनला प्रकाश शोषतो, कार्बन डायऑक्साइड ४.२६ला, प्रथिनं ६च्या जरा पुढे.

पण खरी हुशारी काचेपेक्षा ती वापरण्यात आहे, असं मला वाटतं. समजा, रक्तातले रेणू असे ओळखायचे आहेत. रक्तद्रवात बहुतांश पाणी, आणि पाणी अवरक्त इतकं शोषतं की थेंबातून किरण आरपार पाठवणं जवळपास व्यर्थ. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांनी टेल्युरियम, आर्सेनिक आणि सेलेनियमच्या काचेचा तंतू ओढला आणि मधला भाग आणखी बारीक केला. प्रकाश तंतूच्या आतच आपटत पुढे जातो, पण दर आपटीला काही मायक्रॉन बाहेर डोकावतो. तेवढ्या थरात जे रेणू असतील, ते आपापला वाटा शोषून घेतात. थेंब तंतूला नुसता टेकवायचा. दुसऱ्या टोकाला वर्णपट मिळतो.

अडचण शुद्धतेची. मूलद्रव्यं निर्वात केलेल्या क्वार्ट्झच्या नळीत बंद करून, भट्टीत हलवत वितळवतात, कारण हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा दोन्ही घातक. सेलेनियमला चिकटलेला किंचित हायड्रोजनही ४.६ मायक्रॉनजवळ प्रकाश खातो, आणि कार्बन मोनॉक्साइडची खूण तिथेच शेजारी, ४.७ला. शिवाय आर्सेनिक-गंधकाची काच २०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. ज्या सैल बंधांमुळे ती पारदर्शक, त्यांच्यामुळेच ती नाजूक. आर्सेनिकचं विष टाळायला आता जर्मेनियम आणि अंटिमनीच्या काचाही बनवतात.