पंचवीस अंकांची एकुलती एक संख्या

केए 22 बेळगावचा, केए 23 चिकोडीचा, केए 24 बैलहोंगलचा. आपल्या जिल्ह्यातल्या गाड्यांवर हे आकडे रोज दिसतात. आता ही संख्या बघा:

3608528850368400786036725

हिचे डावीकडचे पहिले 22 अंक घेतले तर तयार होणाऱ्या संख्येला 22 ने भाग जातो, 23 घेतले तर 23 ने, 24 घेतले तर 24 ने. खरं तर 1 पासून 25 पर्यंत सुरुवातीचे कितीही अंक घ्या, तितक्याने निःशेष भाग जातोच. असा गुण असलेली 25 अंकी संख्या ही एकच, आणि हिच्याहून लांब एकही नाही.

पडताळा एक्सेलवर घेऊ नका. एक्सेल पहिले 15 अंक ठेवतं आणि पुढे गुपचूप शून्यं भरतं. कागद बरा. भागाकार लिहायचीही गरज नाही, फक्त बाकी पुढे न्यायची. 23 ने भागत 22 व्या अंकापर्यंत आलात की बाकी 20 उरते. पुढचा 7 खाली घेतला की 207. तेवीस नवे दोनशे सात, बाकी शून्य. चूक होते ती बहुधा शून्यापाशी: 3, 10, 15, 16 आणि 20 व्या जागी शून्य आहे, ते खाली घ्यायचं राहून जातं.

ही संख्या घडते कशी? पहिले सहा अंक 360852. याला 7 ने भागलं तर बाकी 2. म्हणजे पुढचा अंक असा हवा की 20 ते 29 मधली 7 च्या पाढ्यातली संख्या मिळेल: 21 किंवा 28. इथे 1 आणि 8 अशा दोन वाटा फुटतात, आपली संख्या 8 च्या वाटेने जाते. खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांत फळ्यावर करून घ्यावा असाच हा खेळ आहे, कारण विभाज्यतेच्या सगळ्या कसोट्या यात एकदम कामाला लागतात.

सलग दहा संख्यांत 7 चा पाढा सापडतोच. 10 पर्यंतच्या कुठल्याही संख्येचा सापडतो. त्यामुळे पहिल्या दहा जागांपर्यंत कोणीच अडत नाही. अकराव्या जागेपासून मात्र वाटा बंद व्हायला लागतात. अशा 9 अंकी संख्या 2492 आहेत. 10 अंकीही तेवढ्याच, कारण शेवटी फक्त 0 चालतो. मग 11 अंकी 2225, 20 अंकी 44, 24 अंकी 3. त्या तिघींपैकी एकच पुढे सरकते, पंचविसाव्या जागी 5 घेऊन.

सव्विसावा अंक जोडून बघा. आपल्या संख्येला 26 ने भागलं तर बाकी 9, म्हणजे 90 ते 99 मध्ये 26 चा पाढा हवा. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर, सव्वीस चोक एकशे चार. मधे काहीच नाही.