मॉडेल रेल्वेसाठी स्वतंत्र खोली लागतेच का?

घरात मॉडेल रेल्वे उभारायची तर एक अख्खी खोली मोकळी हवी, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि त्यामुळे लहान घरांत राहणारी कितीतरी हौशी माणसे सुरुवातच करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. किती जागा लागेल हे मुख्यतः रुळांच्या वळणावर ठरते. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणात (खऱ्या रेल्वेच्या ८७ पट लहान), ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण घेतले तरी वर्तुळच ७२ सेंटिमीटर रुंद होते. एन, म्हणजे १:१६० प्रमाणात मात्र दोन रुळांतील अंतर अवघे ९ मिलिमीटर असते आणि २५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणांचा लंबगोल मार्ग, आतल्या एका सायडिंगसह, म्हणजे गाडी उभी करण्याच्या बाजूच्या रुळासह, १२० बाय ६० सेंटिमीटरच्या फळीवर नीट बसतो. अशी फळी, देखावा बुटका ठेवल्यास, पलंगाखालीही सरकवता येते.

खरी अडचण वेगळीच आहे. अरुंद वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत सरकतो आणि टोके बाहेर येतात, त्यामुळे फलाटाची कड चिकटवण्याआधी आपल्याकडचा सर्वांत लांब डबा हाताने हळूहळू ढकलत त्याच्या दोन्ही बाजूंची हद्द पेन्सिलीने आखून घ्यावी.