फलकामागचा ठराव: गोव्यात सार्वजनिक बागेचे नियम कुठे शोधायचे आणि ते कसे पाळायला लावायचे

आमच्या वसाहतीजवळच्या बागेत लहान मुलांचा एक झोपाळा आहे. त्याची साखळी वरच्या दांड्याला ज्या लोखंडी हुकात अडकवली होती, तो हूक घासून घासून करंगळीहून बारीक झाला होता. पावसाच्या ओलीने त्यावर गंज चढलेला. पोर झोका घेऊ लागलं की तो करकरायचा. माळ्याला सांगितलं, नगरसेवकांना बाजारात गाठून सांगितलं, पालिकेत दोनदा फोन केला. सगळे ‘बघतो’ म्हणाले आणि तीन महिने गेले. मग एका सोमवारी अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला, हुकाचा जवळून काढलेला फोटो जोडला आणि आवक विभागात देऊन माझ्या प्रतीवर शिक्का घेतला. नवव्या दिवशी नवा हूक बसला. माणसं तीच होती. फरक एवढाच, की तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही, आणि आवक क्रमांक पडलेल्या कागदाचं काय केलं हे कोणाला तरी सांगावं लागतं.

अर्ज लिहिण्याआधी एक गोष्ट नक्की करा: बाग कोणाची? गोव्यात इथेच निम्मे अर्ज भरकटतात. पणजीत महानगरपालिका आहे. म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, कुडचडे-काकोडा, केपे, सांगे, काणकोण आणि कुंकळ्ळी इथे नगरपालिका आहेत. बाकी सगळं पंचायतीत. पर्वरी दिसायला शहर, राज्याची विधानसभाही तिथेच, पण कारभार पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद या पंचायतींचा. तिथल्या बागेबद्दल मुख्याधिकाऱ्यांना लिहून उपयोग नाही. सरपंच आणि पंचायत सचिवांना लिहायला हवं. शिवाय काही उद्यानं वन खात्याची, काही मैदानं क्रीडा प्राधिकरणाची, तर गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतल्या मोकळ्या जागांचं प्रकरण आणखी वेगळं.

शंका असेल तर जमिनीचा कागद काढा. गावात सर्व्हे नंबरावरून एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा कागद, मिळतो. शहरी भूमापन झालेल्या भागात त्याऐवजी फॉर्म डी असतो, त्यासाठी चलता नंबर (जमिनीच्या तुकड्याचा) आणि पी. टी. शीट नंबर (भूमापन नकाशाच्या पानाचा) लागतो. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पाहा. लेआउट पाडून तयार झालेल्या वसाहतीत उतारा पुरेसा नसतो. तिथे नगर नियोजन खात्याने मंजूर केलेला आराखडा मागवा आणि त्यात ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवलेला तुकडा स्थानिक संस्थेच्या ताब्यात दिलाय का, हे विचारा. ताबा झालेला नसेल तर पालिका ‘ती आमची नाही’ म्हणेल आणि बिल्डर ‘मी कधीच सोडली’ म्हणेल. अशा जागेत गवत कमरेएवढं वाढतं.

आता नियम. फाटकावरचा फलक म्हणजे नियम नव्हे. तो कशाच्या तरी आधारावर लावलेला असावा लागतो: पालिकेची उपविधी (तिने स्वतः केलेला लेखी नियम), पालिका मंडळाच्या बैठकीतला ठराव, किंवा वरचा एखादा कायदा. उद्यानं आणि खेळाची मैदानं यांची सोय हा विषय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांच्या कामांत आहे. गोव्यात पालिकांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याने चालतो, पणजीचा २००२ च्या महानगरपालिका कायद्याने आणि पंचायतींचा १९९४ च्या पंचायत राज कायद्याने. बागेची वेळ, सायकल आत न्यायची की नाही, कार्यक्रमाचं भाडं किती, हे त्या त्या संस्थेने ठरवायचं असतं. म्हणून एका गावचा नियम दुसऱ्या गावात सांगून चालत नाही.

तो ठराव हातात घ्यायला माहिती हक्काचा अर्ज करा. पात्रता एकच, भारताचा नागरिक असणं. घरपट्टी भरता का, त्या वॉर्डात राहता का, माहिती कशाला हवी, यांपैकी काहीही विचारता येत नाही. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. त्यामुळे ‘बाग कोणाची’ हा प्रश्नही या वाटेने सुटतो. अर्जात ‘नियम का पाळत नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागदाला मिळतं. मी साधारण एवढंच मागतो: अमुक उद्यानाच्या वापराचे नियम ठरवणाऱ्या ठरावाची वा उपविधीची प्रत, देखभालीच्या कंत्राटाच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, आणि गेल्या वर्षभरातल्या तपासणी नोंदी. कार्यादेश आवर्जून मागा. गवत किती दिवसांनी कापायचं, खेळणी कोणी तपासायची, दिवे कोणी बदलायचे हे त्यातच लिहिलेलं असतं आणि तक्रारीचा सगळा जोर तिथून येतो.

स्थानिक ठराव नसला तरी बाग वाऱ्यावर सोडलेली नसते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला २००० च्या ध्वनी नियमांनी मनाई आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि दिवसाही ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागतेच. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं रोखण्यासाठी गोव्याचा १९९७ चा स्वतंत्र कायदा आहे. पर्यटनस्थळ म्हणून गणल्या जाणाऱ्या जागी उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची तरतूद झाली. झाड तोडायचं तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. करवत दिसली की त्या परवानगीची प्रत मागा. कुत्र्यांना खाणं घालण्यावरून बागेत रोज भांडणं होतात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत त्यासाठी जागा ठरवून द्यायला सांगितलंय. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी, आणि वेळ मुलं-म्हातारी माणसं कमी असतात अशी हवी. खाऊ घालणाऱ्या बाईंशी भांडण्यापेक्षा पालिकेकडे ‘जागा ठरवून द्या’ असा अर्ज दोघांनी मिळून करावा.

व्हीलचेअर फाटकातून आत जात नसेल तर ती गैरसोय म्हणून सोडून देऊ नका. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येईल अशी करणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बंधनकारक आहे, आणि दाद मागायला राज्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे.

तक्रार कोणीही करू शकतं, भाडेकरू, विद्यार्थी, दुसऱ्या गावाहून फिरायला आलेला माणूसही. कागदपत्रं फार नाहीत: नाव-पत्ता-फोन, जागेची खूण (‘पाण्याच्या टाकीकडच्या फाटकातून डावीकडचा दुसरा दिवा’ इतकी नेमकी), तारीख-वेळेसह दोन-तीन फोटो, आणि मिळाला असेल तर ठराव वा कार्यादेशाची प्रत. आधार कार्डाची प्रत जोडायची गरज नसते. फोटो वस्तूचे काढा. मुलांचे, किंवा बाकावर बसलेल्या कोणाचे नकोत. एका अर्जात एकच विषय. दिवा, कचरा आणि अतिक्रमण एकत्र लिहिलं की अर्ज तीन टेबलांवर फिरतो आणि कुठल्याच टेबलाचा राहत नाही. मजकूर असा पुरे:

‘मा. मुख्याधिकारी, अमुक उद्यानातील पूर्वेकडील घसरगुंडीचा पत्रा तळाशी फाटला असून कडा वर आली आहे. दि. अमुक रोजीचा फोटो जोडला आहे. मुलांना इजा होण्याचा धोका असल्याने दुरुस्ती होईपर्यंत ती दोरी लावून बंद करावी आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.’

अर्ज मराठीतच द्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा आहे, पण मराठीलाही शासकीय वापराचं स्थान आहे, आणि मराठीतून आलेल्या पत्राला मराठीतून उत्तर देण्याचं सरकारचं धोरण आहे. खिडकीवर कोणी ‘इंग्रजीत आणा’ म्हणालं तर शांतपणे हे सांगा. माहिती हक्काचा अर्ज तेवढा मी इंग्रजीत करतो, कारण त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे शब्द आहेत. तिथे भाषेच्या वादात तीस दिवस घालवायचे नाहीत.

पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर जुना आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या. त्यानंतर ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, तो आज कोणत्या टेबलावर आहे’ हे माहिती हक्कात विचारा. माझ्या अनुभवात नव्वद टक्के कामं इथेच मार्गी लागतात. तिथेही उत्तर नाही आलं तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील अधिकाऱ्याकडे, आणि तिथून ९० दिवसांच्या आत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे जाता येतं. मूळ तक्रारीसाठी पालिकेच्या वर नगरविकास संचालनालय आहे. पंचायतीच्या वर गटविकास अधिकारी आणि पंचायत संचालनालय.

धोका किंवा अडथळा गंभीर असेल, म्हणजे उघडी विजेची तार, पडायला आलेली भिंत, रस्ता अडवून केलेलं बांधकाम, तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. उपविभागीय दंडाधिकारी म्हणून त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढता येतो. दारू पिऊन धिंगाणा चालू असेल तर अर्ज लिहीत बसू नका, ११२ फिरवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली त्याला २४ तासांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे.

दंड घेण्याचा, फोन हिसकावण्याचा, कोणाला बाहेर काढण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. सकाळच्या फिरणाऱ्यांचा गट जमतो आणि हळूहळू बागेचा मालक होतो, जोडप्यांना उठवतो, चेंडू खेळणाऱ्या पोरांना हाकलतो, हे मी पाहिलंय आणि ते मला अजिबात पटत नाही. ठरावात मनाई नसेल तर पोरांना खेळू द्या.

कार्यक्रमासाठी बाग हवी असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, संस्थेच्या नोंदणीची प्रत, कार्यक्रमाची वेळ आणि अंदाजे गर्दी, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, भाडं आणि अनामत. अनामत परत हवी तर आधी आणि नंतर जागेचे फोटो काढून ठेवा.

सगळ्यात मोठी लढाई मोकळी जागाच गिळली जाते तेव्हाची. उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा बंगळूरमधला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मुद्दप्पा खटल्यात अवैध ठरवला, आणि परिसरातल्या रहिवाशांना अशा निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. म्हणून कुंपण उभं राहायच्या आत मंजूर आराखड्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा. पंचायत भागात असाल तर तीच प्रत घेऊन ग्रामसभेला जा. प्रश्न आधी लेखी द्या, उभं राहून वाचा, आणि इतिवृत्तात तो शब्दशः उतरलाय का हे पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून दाखवतात तेव्हा कान देऊन ऐका.