हिपॅटायटिस सीचा उपचार आणि यकृतातली चरबी: वादाची पार्श्वभूमी

यकृतात चरबी साठलेली असली की हिपॅटायटिस सी या यकृताच्या संसर्गावरचा उपचार फसतो का, हा तो वाद. या आजाराचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. पण फॅटी लिव्हरचा, म्हणजे या चरबीचा, मुद्दा चर्चेत आला तो २००० नंतर, पेगिलेटेड इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाच्या काळात. आठवड्याला एक इंजेक्शन, रोज रिबाविरिन या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या, आणि विषाणूचा जीनोटाइप (जनुकीय प्रकार) १ असेल तर हे सगळं ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, उदासी सोसूनही या गटातले निम्म्याहून कमी रुग्ण बरे होत. साहजिकच उपचार कुणाला लागू पडणार नाही, याची चिन्हं शोधली जाऊ लागली आणि बायोप्सीत दिसणाऱ्या चरबीकडे बोट गेलं.

घोळ इथूनच सुरू झाला. चरबी सर्वांत जास्त दिसायची जीनोटाइप ३ मध्ये, आणि तेच रुग्ण २४ आठवड्यांत पाऊणशे टक्क्यांच्या पुढे बरे व्हायचे! पुढे उलगडलं की ही चरबी दोन वाटांनी येते. जीनोटाइप ३ चा विषाणू यकृताच्या पेशीत स्वतःच चरबी साठवायला लावतो. विषाणू गेला की तीही ओसरते. जीनोटाइप १ मध्ये ती बहुधा सुटलेल्या पोटाची आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची असते. उपचार फसण्याशी संबंध दिसला तो मुख्यतः या दुसरीचा. दोन्ही एकाच रकान्यात मोजून काढलेल्या निष्कर्षांना फारसा अर्थ नव्हता.

शिवाय दोष सगळा चरबीचाच होता का? एका पेगिलेटेड इंटरफेरॉनचा डोस सरसकट १८० मायक्रोग्रॅम, माणूस पन्नास किलोचा असो की शंभर. त्याच्या जोडीला जीनोटाइप १ साठी रिबाविरिन ७५ किलोच्या आत १००० मिलिग्रॅम, त्यापुढे १२००. पुढे वजन कितीही असो. जाड रुग्णाला औषधच कमी पडत असेल, ही शंका रास्त होती. इन्सुलिनचा अडसर कमी करायला मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची औषधं जोडून पाहिली. ठोस असं हाती लागलं नाही.

२०१३ च्या अखेरीस थेट विषाणूवर मारा करणारं सोफोसबुविर हे औषध आलं, २०१५ पासून त्याच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या भारतात मिळू लागल्या, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या, नव्वद टक्क्यांहून जास्त यश. चरबीचा अडथळा जवळपास संपला. जीनोटाइप ३ आणि सोबत सिरॉसिस (व्रणांनी कडक झालेलं यकृत), ही जोडी तेवढी चिवट राहिली, आणि भारतात जीनोटाइप ३ च जास्त. आता प्रश्न बरे झाल्यानंतरचा आहे: विषाणू जातो, पण पोटामुळे आलेली चरबी तशीच राहते आणि अनेकांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट', कोलेस्टेरॉल उलट वाढतं.