वर्णलेखन : तापमान व दाब यांचा परिणाम

वर्णलेखनात, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतील क्रोमॅटोग्राफीत, मिश्रणाचे घटक स्थिर प्रावस्था (जागीच राहणारा पदार्थ) व चल प्रावस्था (त्यावरून वाहणारा द्रव किंवा वायू) यांमध्ये कमीअधिक वाटले जातात आणि कॉलममधून, म्हणजे ही क्रिया घडते त्या नळीतून, निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात. पद्धतीचा आरंभ सामान्यतः मिखाइल त्स्वेत यांच्या 1903 मधील वॉर्सा येथील व्याख्यानापासून धरतात; 1906 चे त्यांचे लेख अधिक सविस्तर असल्याने काही जण ते वर्ष मानतात.

तापमान वाटणीवरच परिणाम करते. धारण गुणकाचा (घटक स्थिर प्रावस्थेत किती अडून राहतो त्याच्या मापाचा) लॉगॅरिथम निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तांकाशी बहुधा सरळ रेषेत बदलतो. दोन घटकांच्या रेषांचे उतार वेगळे असतील, तर त्या एकमेकींना छेदू शकतात आणि पीकचा, म्हणजे आलेखात प्रत्येक घटकाच्या दिसणाऱ्या शिखराचा, क्रम उलटतो. वायू वर्णलेखनात 15 ते 30 अंश से. वाढीने धारण काल (घटकाला कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) ढोबळमानाने निम्मा होतो, म्हणून ओव्हनचे तापमान क्रमाने चढवतात. द्रव वर्णलेखनात तो दर अंशाला साधारण 1 ते 2 टक्के घटतो. जुन्या कार्यपद्धतीत नुसते ‘खोलीचे तापमान’ लिहिलेले असते. मुंबईत वातानुकूलित खोलीचे 25 अंश आणि मे महिन्यातील दुपारचे 33 अंश यांत पीक सहज ओळखीच्या मर्यादेबाहेर सरकते. इथल्या औषध-विश्लेषणात कॉलम ओव्हन हवाच.

दाब मुख्यतः प्रवाहाचा वेग ठरवतो, आणि वेगाचा पीकच्या रुंदीशी असलेला संबंध व्हॅन डीम्टर समीकरणात (1956) येतो. वायू संकोचनशील असल्याने कॉलमच्या शेवटाकडे वेग वाढतो. त्यासाठीचा दुरुस्ती गुणक जेम्स व मार्टिन यांनी 1952 मध्ये दिला. द्रवात कणांचा व्यास निम्मा केला, तर तोच वेग राखायला चौपट दाब लागतो. दोन मायक्रोमीटरहून लहान कणांमुळे 2004 पासून 1000 बारच्या आसपास चालणारी उपकरणे बाजारात आली.

दाब स्वतः धारण बदलतो का, यावर मतभेद होते. द्रव जवळजवळ असंकोचनशील म्हणून हा परिणाम नगण्य, असे पूर्वी मानत. लहान रेणूंपुरते ते बव्हंशी खरे आहे. इन्सुलिनसारख्या मोठ्या रेणूंचे धारण मात्र दाबाने लक्षणीय वाढते, आणि हेच मत अधिक सबळ दिसते. शिवाय जास्त दाबाखाली घर्षणाने कॉलम तापतो व धारण घटते, त्यामुळे दोन परिणाम एकमेकांना झाकतात. दाब बदलून काढलेला निष्कर्ष तापमान मोजल्याशिवाय स्वीकारू नये.

अतिक्रांतिक वर्णलेखनात चल प्रावस्था म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरतात (त्याचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्यापुढे द्रव व वायू हा भेद उरत नाही तो, 31.1 अंश से., 73.8 बार). दाब स्थिर ठेवून तापमान वाढवले, तर त्याची घनता घसरते आणि धारण काल बऱ्याचदा वाढतो.