संगणकजाळ्यांची उतरंड आणि तिच्यातले छोटे क्रमांक

आयबीएमने १९७४ मध्ये ‘एसएनए’ ही स्वतःची नेटवर्क रचना आणली आणि पुढच्याच वर्षी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘डेकनेट’ आणले. मात्र दोन्हींची नियमावली मुळात आपापल्या यंत्रांपुरतीच होती. संवादाचे काम एकावर एक रचलेल्या थरांत वाटून देण्याची कल्पना या रचनांतही होती. नव्हते ते थरांच्या सीमा कोठे आखायच्या यावर सर्वांचे एकमत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओएसआय प्रतिमानाने तारेतल्या विद्युतसंकेतांपासून वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमपर्यंत सात थर ठरवले. प्रत्येक थराने खालच्याची सेवा घ्यावी, वरच्याला सेवा द्यावी आणि पलीकडच्या यंत्रातील आपल्या जोडीदार थराशी ठरलेल्या नियमांनी बोलावे, एवढीच अट.

प्रत्यक्षात हे कसे घडते, ते एका पॅकेटमध्ये, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या एका तुकड्यात, डोकावले की दिसते. ब्राउझरने वेबपान मागितले की त्या मजकुरापुढे वाहतुकीचा थर सांभाळणारे टीसीपी किमान २० बाइटांचा हेडर, म्हणजे माहितीची पट्टी, लावते आणि त्यात पोर्ट क्रमांक ४४३, म्हणजे मजकूर कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे हे सांगणारा आकडा, लिहिते. त्याखालचे, यंत्रांचे पत्ते सांभाळणारे आयपी आणखी किमान २० बाइटांचा हेडर जोडून त्यात ६ हा आकडा नोंदवते. शेवटी तारेवरून पाठवणी करणारे इथरनेट पुढे १४ बाइट आणि मागे तपासणीसाठी ४ बाइट लावून फ्रेम, म्हणजे सर्वांत बाहेरचे पाकीट, बंद करते व तिच्यावर षोडशमान पद्धतीत ०८०० असे लिहिते. पलीकडे ही उतरंड उलट क्रमाने उलगडते. ०८०० वाचून फ्रेममधला ऐवज आयपीकडे जातो, ६ पाहून टीसीपीकडे आणि ४४३ पाहून वेब सर्व्हरकडे. माझ्या मते या प्रतिमानाचा खरा जीव या छोट्या क्रमांकांतच आहे, कारण आत काय आहे हे न जाणताही ते कोणाच्या हाती द्यायचे एवढे त्यांवरून कळते.

वाटेतला राउटरही मूळ मजकुराच्या वाटेला जात नाही. तो जुनी फ्रेम काढून टाकतो, आयपी पत्ता वाचतो, पॅकेटच्या आयुर्मर्यादेतून (अजून किती राउटर ओलांडता येतील या आकड्यातून) एक वजा करतो आणि पुढच्या टप्प्यासाठी नवी फ्रेम चढवतो. त्यामुळेच तांब्याच्या तारेऐवजी वाय-फाय आले तरी ब्राउझर नव्याने लिहावा लागला नाही.

आजचे इंटरनेट मात्र ओएसआयवर नव्हे, तर टीसीपी/आयपीवर चालते. इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजीच, म्हणजे ओएसआयचे मानक छापले जाण्यापूर्वीच, ही नियमावली स्वीकारली होती. तिच्यात चारच थर आहेत. तरीही नेटवर्क सांभाळणारी मंडळी फ्रेमच्या पातळीवर काम करणाऱ्या जोडयंत्राला ‘लेअर टू स्विच’, म्हणजे दुसऱ्या थराचा स्विच, म्हणताना आकडा ओएसआयचाच वापरतात.

सीमा सगळेच पाळतात असेही नाही. घरोघरचा राउटर एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक यंत्रांत वाटून देण्यासाठी वरच्या थरातले पोर्ट क्रमांक बदलतो, आणि अशा मध्यस्थ यंत्रांपैकी अनेकांना टीसीपी व यूडीपी (वाहतुकीच्याच थरातला, पण अधिक साधा प्रोटोकॉल) सोडून तिसरे काही ओळखता येत नाही. म्हणून २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या नव्या वाहतूक प्रोटोकॉलला टीसीपीच्या ६ सारखा स्वतःचा वेगळा क्रमांक न घेता यूडीपीच्या पाकिटात बसूनच प्रवास करावा लागतो.